उचंत खातं: बाबांच्या पोटाच्या नोंदी

८ जानेवारी

आजपासून ही वही. बाबांचं दुखणं संपलं असं नऊ दिवसांपूर्वी आम्ही धरून चाललो होतो, पण पोट अजून ताळ्यावर आलेलं नाही. घरातला प्रत्येक जण आपापल्या परीने काहीतरी देतोय, त्यामुळे कशाने काय होतंय हेच कळेनासं झालंय.

मागचं थोडक्यात. २० डिसेंबरला ताप आणि जुलाब, तिसऱ्या दिवशी रक्त. शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू निघाला. ३ दिवस ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, सतत ओआरएस, एक रात्र सलाईन. ३० डिसेंबरपासून ताप नाही, रक्त नाही. पण दिवसातून पाच-सहा वेळा पातळ होतं, जेवलं की पोट फुगतं, रात्रभर गुडगुड. वजन ६४.८ किलोवरून ६०.२. वय ६८.

घरात तीन खोकी आहेत, तिन्ही प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला फायदा व्हावा म्हणून घ्यायच्या जिवंत सूक्ष्मजीवांची. एक मामीने आणून दिलेलं, एक धाकट्या भावाने मागवलेलं, एक औषधांच्या दुकानातून मीच घाईत उचललेलं. बाबा तिन्ही घेत होते. देणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून.

डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, तिन्ही बंद केलीत तरी काही बिघडणार नाही. मग ठरवलं: एका वेळी एकच बदल, आणि पहिला आठवडा कुठलाच नाही. बाबांची सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. त्यांना हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे. खातं उघडायच्या आधी आरंभीची शिल्लक लिही."

वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने: रक्त, ताप, लघवी कमी होणं, झोपेतून उठवणारे जुलाब, वजन आणखी उतरणं. यातलं एकही दिसलं तर वही बाजूला ठेवायची आणि थेट दवाखाना गाठायचा.

९ जानेवारी

मोजायचं कसं, हा प्रश्न वाटला होता त्याहून अवघड निघाला. बाबा मला शौचाबद्दल काही सांगायला तयार नाहीत. "ठीक आहे" आणि "जरा पातळ", याच्या पुढे गाडी जात नाही. ६८ वर्षांच्या माणसाला मुलीने रोज हे विचारावं, हे त्यांना जड जातंय, आणि मला ते समजतं.

ब्रिस्टल तक्ता छापून आणला. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली मांडलेला हा तक्ता साधा आहे: १ म्हणजे सुटे कडक खडे, ३ आणि ४ म्हणजे नीट, ६ म्हणजे फाटक्या कडांचे लिबलिबीत तुकडे, ७ म्हणजे नुसतं पाणी. तो बाथरूमच्या दाराला आतून चिकटवला, शेजारी रकाने आखलेला कोरा कागद, दोरीला बांधलेली पेन्सिल. बाबांनी बोलायचं नाही, फक्त वेळ आणि आकडा लिहायचा.

संध्याकाळी जाऊन पाहिलं. पाच ओळी. ६, ७, ६, ६, ७. अक्षर त्यांच्या खतावणीतल्यासारखं, एकाखाली एक, रेघेला धरून.

११ जानेवारी

आज तिन्ही खोक्यांचं बारीक अक्षर वाचून काढलं. दोन तास गेले, पण हे आधीच करायला हवं होतं.

पहिल्यावर १० जातींच्या जिवाणूंची नावं आहेत, पण एकाही नावापुढे स्ट्रेनची, म्हणजे त्या जातीतल्या नेमक्या वाणाची, खूण नाही. नुसतं जातीचं नाव सांगून भागत नाही, हे समजायला ई. कोलायचं उदाहरण पुरेसं आहे. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, आल्फ्रेड निस्ले या जर्मन डॉक्टरांनी जुलाबाच्या साथीत ठणठणीत राहिलेल्या एका सैनिकाच्या शौचातून ई. कोलायचा एक स्ट्रेन वेगळा केला. तो आजही निस्ले १९१७ या नावाने प्रोबायोटिक म्हणून वापरतात. आणि ई. कोलाय ओ१५७:एच७ हा त्याच जातीचा, पण तो माणसाची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. जात एकच, गुण मात्र टोकाचे वेगळे. त्यामुळे "लॅक्टोबॅसिलस आहे" एवढ्या माहितीवर मी आता काही घेणार नाही.

दुसऱ्या खोक्यात सॅकरोमायसिस बुलार्डी. हा जिवाणूच नाही, यीस्ट आहे. आंरी बुलार्ड हे फ्रेंच संशोधक १९२० च्या दशकात इंडोचायनात असताना, कॉलऱ्याच्या साथीत लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात हे त्यांनी पाहिलं आणि त्या सालींवरून हे यीस्ट वेगळं केलं. यीस्ट असल्यामुळे जिवाणूंवरची अँटिबायोटिक्स त्याला मारत नाहीत. म्हणजे अँटिबायोटिक चालू असताना ते देण्यात अर्थ आहे. आमचा कोर्स तर डिसेंबरातच संपला.

तिसऱ्यात बॅसिलस क्लॉसीच्या बीजाणूंच्या कुप्या. बीजाणू म्हणजे जिवाणूचं कवच घेऊन झोपलेलं रूप, त्याला उष्णतेचं फारसं भय नाही, फ्रीजची गरज नाही. आम्ही मात्र हेच फ्रीजमध्ये जपून ठेवलं होतं, आणि ज्यावर "२ ते ८ अंशांत ठेवा" असं लिहिलंय ते पहिलं खोकं फ्रीजच्या वर, जिथे मोटारीची ऊब लागते. तीन आठवडे.

आणखी एक बघून ठेवायची गोष्ट. पहिल्या खोक्यावरचा सीएफयूचा आकडा, म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत पेशींची मोजणी, "उत्पादनाच्या वेळी" आहे. एक्सपायरीच्या दिवशी किती उरतील याची हमी नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेल्या प्रोबायोटिकच्या व्याख्येत तीन अटी आहेत: जिवंत असावेत, पुरेशा मात्रेत असावेत, आणि घेणाऱ्याला फायदा व्हावा. आमचं पहिलं खोकं पहिल्या अटीलाच अडखळत असणार.

१३ जानेवारी

५, ६, ५, ४ असे दिवस गेले. नवं काही नाही. आईला हे काहीच न करणं सहन होत नाही. तिला समजावलं की मोजणं हेही करणंच आहे.

१५ जानेवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. दाराचा कागद सोबत नेला होता. त्यांनी तो टेबलावर पसरून नीट वाचला. बाबांना ते फार आवडलं असावं, कारण येताना प्रथमच स्वतःहून बोलत होते.

अँटिबायोटिकनंतर जुलाब लांबले तर क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जिवाणू तपासायलाच हवा, म्हणून ती तपासणी करायला सांगितली. आतड्यातली नेहमीच्या जिवाणूंची वस्ती उठली की हा मोकळ्या जागेत माजतो, आणि त्याचा उपचार वेगळा आहे. (रात्री उशिरा निकाल आला: निगेटिव्ह.)

प्रोबायोटिकबद्दल मी थेट विचारलं. त्या म्हणाल्या, "कधी, कशासाठी आणि कोणता, हे तीन प्रश्न वेगळे करा." घरी येऊन वाचलं ते असं.

अँटिबायोटिकबरोबरच सुरू केलं तर फायदा दिसतो. कॉक्रेन ही वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था; तिचा मुलांवरच्या ३३ चाचण्यांचा २०१९ चा आढावा आहे, ६,३५२ मुलांचा. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब प्रोबायोटिक घेतलेल्यांत ८ टक्क्यांना झाले, न घेतलेल्यांत १९ टक्क्यांना. हा फरक खरा मोठा आहे. पण पोटाच्या तीव्र संसर्गात, जुलाब लवकर थांबावेत म्हणून दिलं तर? २०१८ साली दोन मोठ्या चाचण्या एकदमच प्रसिद्ध झाल्या, एक अमेरिकेतली ९७१ मुलांची, एक कॅनडातली ८८६ मुलांची. दोन्हींत प्रोबायोटिक आणि तुलनेसाठी दिलेली, आत औषध नसलेली मात्रा यांत फरक निघाला नाही. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात ८२ चाचण्या होत्या, १२ हजारांहून जास्त माणसं. त्यातल्या काटेकोर चाचण्या तेवढ्या वेगळ्या काढल्यावर, ४८ तासांपलीकडे जुलाब टिकणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

आमचा प्रसंग या दोन्हींत बसत नाही. संसर्ग संपलाय, अँटिबायोटिक संपलंय, मागे राहिलंय ते घायाळ आतडं. त्याला काय हवंय हे बघायचं.

१६ जानेवारी

आठवड्याची आरंभीची शिल्लक: ७ दिवसांत ३६ वेळा, सरासरी ५.१, प्रकार बहुतेक ६.

दाराच्या कागदाकडे बघत बसले होते तेव्हा एक गोष्ट दिसली, आणि ती दिसल्याबद्दल मी त्या पेन्सिलीची ऋणी आहे. प्रकार ७ जवळजवळ नेहमी सकाळी ६ ते ८ च्या दरम्यान आहे, आणि दुसऱ्यांदा रात्री ११ च्या आसपास. बाबा सकाळी उठल्या उठल्या आणि रात्री जेवणानंतर दोन तासांनी एकेक मोठा पेला दूध पितात. आजारपणानंतर "ताकद यावी" म्हणून आईने पेला मोठा केलाय.

लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. दूध पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम त्यांच्या वरच्या भागातल्या, पक्व झालेल्या पेशींत असतं. संसर्गात सगळ्यात आधी तेच झडतात. खालून नव्या पेशी ३ ते ५ दिवसांत वर येतात, पण त्यांना लॅक्टेज नीट बनवायला वेळ लागतो, कधी कधी कित्येक आठवडे. तोवर एका पेल्यातली सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तशीच पुढे जाते, सोबत पाणी ओढते, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यापासून गॅस करतात. पाणी आणि गॅस. बाबांची तक्रार तंतोतंत हीच आहे.

उद्यापासून पहिला बदल: दूध बंद. दही मात्र चालू, आणि ते मुद्दाम. दह्यातले स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस स्वतःचं एन्झाइम घेऊन येतात आणि आतड्यात लॅक्टोज फोडायला मदत करतात. या क्षेत्रातल्या दाव्यांपैकी हा एक पक्का आहे. युरोपीय नियमात तो मान्य आहे, अट एवढीच की एका ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. म्हणून ताजं लावलेलं दही घ्यायचं, उकळलेलं किंवा लावल्यावर पुन्हा तापवलेलं नाही.

आईला वाईट वाटलं. "मीच वाढवलं गं दूध." तिला म्हटलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि ते खरं आहे.

२४ जानेवारी

१७ ते २३: ७ दिवसांत २४ वेळा, सरासरी ३.४. सात हा आकडा आठवड्यात एकदाच. पोट फुगणं निम्म्यावर. वजन ६०.९.

एकही कॅप्सूल न घेता.

२५ जानेवारी

आज इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेचा २०१८ सालचा अभ्यास वाचला आणि डोक्यातून जात नाहीये. २१ निरोगी माणसांना आठवडाभर दोन अँटिबायोटिक्स दिली. मग तीन गट केले. एकाला काहीच दिलं नाही. दुसऱ्याला त्यांचंच आधी साठवलेलं शौच परत आतड्यात सोडलं. तिसऱ्याला ११ स्ट्रेनचं प्रोबायोटिक ४ आठवडे. स्वतःचं शौच परत मिळालेल्यांची मूळ वस्ती काही दिवसांतच जागेवर आली. काहीच न घेतलेल्यांची सुमारे ३ आठवड्यांत. प्रोबायोटिकवाल्यांची कित्येक महिने रेंगाळली. पाहुण्यांनी जागा अडवली आणि घरच्यांना परत यायला वेळ लागला. लॅक्टोबॅसिलसनी बाहेर टाकलेली द्रव्यं मूळच्या जिवाणूंची वाढ रोखतात, असंही प्रयोगशाळेत दिसलं.

ही माणसं आजारी नव्हती, त्यांची अँटिबायोटिक्स बाबांच्या औषधाहून व्यापक होती, मिश्रण ११ स्ट्रेनचं होतं, आणि एका गटात जेमतेम सहा ते आठ जण. एवढ्यावरून प्रोबायोटिक वाईट असं कुणी म्हणू नये. पण "घेऊन टाका, नुकसान तर नाही ना" हे वाक्य मी आता कुणाला म्हणणार नाही. आजवर मी ते अनेकांना म्हटलंय.

रात्री जेवताना बाबांसमोर दोन्ही बाजू मांडल्या. पोट त्यांचं आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक घेऊन बघू. एकच. मुदत ठरव. मुदत संपली की बंद."

डॉक्टरांना विचारून लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी निवडला, रोज १० अब्ज सीएफयू, २८ दिवस. शेर्वुड गोरबाक आणि बॅरी गोल्डिन यांनी १९८० च्या दशकात निरोगी माणसाच्या आतड्यातून हा वेगळा केला, जीजी ही त्यांच्याच आडनावांची अक्षरं. जठरातलं आम्ल आणि पित्त यांतून तरावा आणि आतड्याला चिकटावा, हे बघूनच त्यांनी तो शोधला होता. २०२० साली लॅक्टोबॅसिलस या मोठ्या कुळाची २५ कुळांत विभागणी झाली, तेव्हापासून त्याचं नाव लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस. डब्यावर दोन्हींपैकी काहीही असू शकतं, पुढची जीजी ही अक्षरं महत्त्वाची.

२७ जानेवारी

आज चुकलं. सकाळी पहिली कॅप्सूल. दुपारी भाऊ आला, येताना कडधान्याचं दाट सूप घेऊन आला, बाबांनी आवडीने दोन वाट्या घेतले. मीच त्याला परवा फोनवर म्हटलं होतं की आता बाबांना सगळं चालेल. रात्री ९ पासून पोट नगाऱ्यासारखं, मुरडे, पाच वेळा. बाबा कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेऊन पडले होते आणि मी पाठीवरून हात फिरवत होते, एवढंच हाती होतं.

"ही गोळी मला सोसत नाही," ते म्हणाले. असेलही. पण एकाच दिवशी दोन गोष्टी नव्या गेल्या, त्यामुळे आता सांगता येत नाही. दोन्ही बंद. पाच दिवस थांबायचं.

२ फेब्रुवारी

पोट शांत. दोन-तीन वेळा, प्रकार ५. आज कॅप्सूल पुन्हा, एकटी. मुदत १ मार्च. फ्रीजच्या दारावर तारीख लावली.

३ फेब्रुवारी

काही झालं नाही. म्हणजे २७ ला त्रास दिला तो सुपाने. कॅप्सूलवरचा आरोप मागे.

६ फेब्रुवारी

मामीचा फोन. तिच्या बहिणीचे यजमान अतिदक्षता विभागात आहेत, जोरदार अँटिबायोटिक्स चालू आहेत, पोट बिघडलंय. "अगं, ती तुमच्याकडे पडलेली यीस्टची पाकिटं दे ना, मी उद्या भेटायला जाताना घेऊन जाते. पाण्यात कालवून चमचाभर देईन."

मी विचारलं, त्यांच्या मानेत नळी आहे का? होती, मोठ्या शिरेत घातलेली.

"मामी, नको. अजिबात नको." आधी तिला राग आला. मग शांतपणे सांगितलं. हे यीस्ट जिवंत आहे. अशा नळीवाटे ते रक्तात शिरलं तर रक्तभर पसरतं, आणि त्याने माणसं दगावली आहेत. युरोपच्या औषध नियामकांनी २०१७ साली स्पष्ट केलं की गंभीर आजारी किंवा मध्यवर्ती शिरेत नळी असलेल्या रुग्णाला हे द्यायचंच नाही. पाकीट अशा रुग्णाच्या खोलीत फोडायचंसुद्धा नाही, कारण भुकटी हवेतून आणि हातांवरून नळीपर्यंत पोचते. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवर प्रोबायोटिकची चाचणी झाली होती, २००८ साली निकाल आला: प्रोबायोटिक गटात १६ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात ६. तिथल्या डॉक्टरांचाही हेतू चांगलाच होता.

मामी थोडा वेळ गप्प राहिली. "बरं झालं विचारलं," म्हणाली. फोन ठेवल्यावर मी ती पाकिटं टाकून दिली. नंतर हात धुतले.

१६ फेब्रुवारी

कॅप्सूलचे दोन आठवडे पूर्ण. सरासरी २.१, प्रकार ५ आणि ४. वजन ६१.८. घरात सगळे खूश, आणि भाऊ म्हणतोय, "बघ, गोळीने केलं की नाही काम!"

मी आलेख काढला. ९ जानेवारीपासूनचे सगळे दिवस आडवे, वेळा उभ्या. २ फेब्रुवारीच्या जागी रेघ मारली आणि ती तळहाताने झाकून बाबांना विचारलं, कॅप्सूल कुठे सुरू झाली ते उतारावरून सांगा. त्यांनी चष्मा पुसला, बोट फिरवलं, आणि १७ जानेवारीवर ठेवलं. दूध बंद केलं तो दिवस. त्यानंतर उतार एकसारखाच, रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे.

हात बाजूला केला. ते बराच वेळ बघत होते. "मग कॅप्सूलची जमा कशाच्या आधारावर धरायची? पुरावा नाही. नाकारायलाही पुरावा नाही. उचंत खात्यात टाक."

मी वहीत तसंच लिहिलं. दूध बंद: जमा. कॅप्सूल: उचंत खातं, म्हणजे निकाल लागेपर्यंत नोंद ठेवायची जागा.

आरंभीची शिल्लक लिहिली नसती तर आज आम्ही सगळ्यांनी शपथेवर कॅप्सूलचं नाव घेतलं असतं. आजारानंतरचं पोट बहुतेकांचं आपोआप सुधारत असतं, आणि त्या काळात जे हाताशी असतं त्याच्या पदरात सगळं श्रेय पडतं.

१८ फेब्रुवारी

कॅप्सूल चालूच, त्यात आता तिसरा बदल: अन्नातले तंतू (फायबर), अगदी हळूहळू. मोठ्या आतड्याच्या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण ७० टक्के वाटा ब्युटिरेट या आम्लातून येतो, आणि ब्युटिरेट बनतं ते आपल्या न पचलेल्या तंतूंपासून, तिथल्या जिवाणूंकरवी. यातला एक मोठा कामगार म्हणजे फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा जिवाणू. त्याला प्राणवायू सोसत नाही, म्हणून नेहमीच्या कॅप्सूलमध्ये तो मिळतच नाही. तो बाहेरून आणता येत नाही, आत उरलाय तेवढ्यालाच जेवू घालून वाढवायचा.

भूक लागलेल्या माणसाला एकदम ताट भरून वाढलं तर सोसत नाही, तसं आमच्या सुपाने २७ ला झालं. आता ओट्स दोन चमचे, पिकलेलं केळं, उकडून गार केलेला बटाटा, साल काढून शिजवलेलं गाजर. कडधान्य सगळ्यात शेवटी, भिजवून, मऊ शिजवून, एक चमचा. दर चार-पाच दिवसांनी थोडं वाढवायचं.

२३ फेब्रुवारी

आज आकडे चांगले आहेत, पण बाबा ठीक नाहीत. त्यांच्या मित्राचा कार्यक्रम होता, तयार होऊन दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. बसमध्ये लागली तर? तिथे सोय असेल का? डिसेंबरपासून ते घराबाहेर एक तासाहून जास्त राहिलेले नाहीत, हे मला आज मोजल्यावर कळलं. कागदावर यासाठी रकानाच नव्हता.

पोटात मुरडा येतो, गेलं की बरं वाटतं, जुलाब नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला असं आतडं हळवं होऊन बसतं. कॅनडातल्या वॉकरटन गावात २००० साली पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पिलोबॅक्टर शिरले, २,३०० च्या आसपास लोक आजारी पडले, ७ जण गेले. त्या लोकांचा पुढे कित्येक वर्षं पाठपुरावा झाला. दोन-तीन वर्षांनी सुमारे २८ टक्क्यांना हा त्रास होता, आठ वर्षांनी सुमारे १५ टक्क्यांना. म्हणजे रेंगाळतो, पण पुष्कळांचा जातोही. मी बाबांना दोन्ही आकडे सांगितले. खोटा धीर दिला असता तर त्यांना कळलं असतं.

कागदावर नवा रकाना: आज किती वेळ बाहेर.

२ मार्च

काल शेवटची कॅप्सूल. डब्यात चार उरल्या होत्या, आईला वाटत होतं त्या संपवाव्यात. बाबा म्हणाले, मुदत म्हणजे मुदत.

१२ मार्च

बंद करून ११ दिवस. सरासरी १.८, प्रकार ४. बाहेरून आलेले हे जिवाणू घेणं थांबवलं की बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत शौचातून दिसेनासे होतात, म्हणजे आता ते जवळपास गेले असतील. काही बिघडलं नाही. उचंत खात्यातली नोंद अजून तिथेच आहे.

दही चालू. स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी प्रौढांवर झालेल्या अभ्यासात, २०२१ चा, दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्लेल्यांच्या आतड्यातल्या वस्तीत विविधता वाढली होती. तिथे लोक दिवसाला असे पदार्थ सहा वाढपांएवढे खात होते. बाबा एक वाटी खातात, आणि त्यांना ती आवडते.

१७ मार्च

दूध परत. ५० मिलि, दुपारी, जेवणाबरोबर. रिकाम्या पोटी नाही. काही नाही झालं.

२१ मार्च

१०० मिलि. किंचित गुडगुड, संध्याकाळपर्यंत शांत. तीन दिवस इथेच थांबायचं.

१ एप्रिल

वजन ६३.४. गेल्या सात दिवसांत १० वेळा, सगळे ३ आणि ४. दूध अर्धा पेला, दिवसातून एकदा. कडधान्य अर्धी वाटी, एक दिवसाआड. जेवण झाल्यावर मुरडा आठवड्यातून दोनदा येतो, तो डॉक्टरांना सांगितलाय, पुढची भेट तीन महिन्यांनी.

बाबा काल बसने मित्राकडे गेले. मी सोबत येऊ का विचारलं, नको म्हणाले. दुपारी अडीचला निघाले, साडेसातला आले, हातपाय धुवून सरळ बाथरूमच्या दाराकडे गेले आणि पेन्सिल उचलली. "आज किती वेळ बाहेर" या रकान्यात त्यांनी ५ लिहिलं, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.